चौकातला ब्राँझ पुतळा: माती, धातू, चौथरा आणि करारनामा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिल्पकलेची पदवी झाली, चार-पाच अर्धपुतळे हातून झाले, आणि आता एका नगरपरिषदेकडून 9 फुटी पूर्णाकृती ब्राँझ पुतळ्याची विचारणा आली आहे. अनावरण चार महिन्यांवर आहे. काम घ्यावे का? घेतले तर कसे करावे? आणि सार्वजनिक पुतळ्यांवर संसार चालेल असा व्यवसाय होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चार महिन्यांत हे काम घेऊ नका. 9 फुटी उभ्या पुतळ्याला, सगळे सुरळीत चालले तरी, आठ ते दहा महिने लागतात. पुतळा आधी मातीत घडवतात, त्याचा साचा घेतात, साच्यातून मेणाची पोकळ प्रत काढतात, आणि ते मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात. लहान नमुन्याला तीन-चार आठवडे, मान्यतेला एक ते तीन महिने, सांगाडा आणि मोठ्या मातीकामाला दोन-अडीच महिने, साच्याला दोन आठवडे, मेण आणि ओतकामाला दीड-दोन महिने, जोडकाम व कोरणीला (ओतलेल्या धातूची छिन्नी-कानशीने सफाई) महिनाभर, रंग चढवायला आठवडा. यात पावसाळा आला की माती, प्लास्टर आणि भट्टीतले साचे सगळेच उशिरा वाळतात. आपल्याकडे जयंती आधी ठरते आणि पुतळ्याची ऑर्डर नंतर निघते. मग जे दिवस कमी पडतात ते ओतशाळेतून कमी होत नाहीत, कारण भट्टी आपल्याच वेळेने चालते. ते कापले जातात मातीकामातून. चौकाचौकांत जे ओळखू न येणारे, आखूड पायांचे, डोळे वटारलेले पुतळे दिसतात, त्यातले बरेचसे मातीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत बिघडलेले असतात.

आता कागदपत्रांचे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये असा आदेश दिला. महाराष्ट्रात पुतळ्यांसाठी शासनाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यानुसार प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो, जागेची मालकी, वाहतूक आणि पोलिसांचे अभिप्राय लागतात, आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. परवानगी आणणे हे नगरपरिषदेचे काम, शिल्पकाराचे नव्हे. पण ती आली आहे की नाही हे पाहणे शिल्पकाराचे काम आहे. तयार पुतळे परवानगीअभावी गोदामात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहतात आणि शेवटचा हप्ता त्यांच्यासोबत अडकतो. म्हणून ऑर्डर घेताना जागेच्या ठरावाची आणि परवानगीची प्रत मागा. प्रस्ताव अजून वाटेत असेल तर करार फक्त लहान नमुन्यापुरता करा.

दुसरी गोष्ट उंचीची व्याख्या. "9 फुटी पुतळा" म्हणजे तळव्यापासून डोक्यापर्यंत, की पागोट्यासकट, की वर उचललेल्या तलवारीच्या टोकापर्यंत, की पायाखालच्या पाटासकट? हे लिहून घेतले नाही तर मोजणीच्या दिवशी भांडण ठरलेले. शिवाय धातू थंड होताना साधारण दीड टक्का आकसतो. 108 इंचांवर ते दीड इंचाहून जास्त होते. मेणाचे आकसणे धरले तर अडीच इंचांपर्यंत जाते. माती 9 फूट 3 इंच केली तरच हातात 9 फूट येतात.

संदर्भ गोळा करताना घाई नको. छायाचित्र उपलब्ध असलेल्या व्यक्तीचे वेगवेगळ्या वयाचे फोटो एकत्र मिसळू नका. चाळिशीतला जबडा आणि साठीतल्या पापण्या एका चेहऱ्यावर आल्या की बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण पुतळा परका वाटतो. एक वय ठरवा आणि समितीला ते आधी सांगा. बाबासाहेबांच्या पुतळ्यात चष्म्याची दांडी, कोटाची बटणे, खिशातले पेन आणि हातातल्या संविधानाची जाडी यांवर लोकांची नजर पहिल्यांदा जाते. जोतीरावांच्या पुतळ्यात पागोट्याची बांधणी आणि उपरण्याचा पडाव. सावित्रीबाईंच्या पुतळ्यात नऊवारीच्या निऱ्या आणि पदर, आणि इथे बहुतेक जण मागची बाजू सोडून देतात. चौकातला पुतळा चारही दिशांनी दिसतो. काष्ट्याची ओळ मागून चुकली की गावातल्या बायका पहिल्याच दिवशी बोलून दाखवतात, आणि त्यांचे बरोबर असते. कापडाच्या चुण्या कल्पनेने करू नका. त्याच कापडाचा पोशाख शिवून घ्या, माणसाला घालून त्याच पवित्र्यात उभे करा.

लहान नमुना दीड ते दोन फुटांचा करा. त्यात चेहऱ्याचे तपशील महत्त्वाचे नाहीत. वजन कोणत्या पायावर आहे, खांदे आणि कंबर कशी कलली आहेत, आणि दूरवरून नुसती काळी आकृती म्हणून पुतळा कसा दिसतो, हे त्यात ठरते. सूर्य मागे असताना चौकातला पुतळा आकृतीच असतो. हात शरीराला चिकटलेले, पाय जोडलेले असा पुतळा शंभर फुटांवरून खांबासारखा दिसतो.

नमुना मोठा करायला पूर्वी चौकट टाकून, ओळंबे सोडून, कॅलिपरने बिंदू नेत. आता त्रिमितीय स्कॅन करून थर्माकोलचा ठोकळा यंत्राने कापून घेतात आणि त्यावर इंचभर माती चढवतात. यात दीड-दोन आठवडे वाचतात, सांगाड्यावरचा भारही कमी होतो. पण दोन फुटांच्या नमुन्यातली 2 मिलिमीटरची चूक 9 फुटांत 9 मिलिमीटर होते, आणि लहान नमुन्यातली बोटाची दाबखूण मोठ्यावर निर्जीव खड्डा बनते. यंत्राने आलेला ठोकळा हा कच्चा आकार समजा. वरचा प्रत्येक पृष्ठभाग नव्याने हाताने करायचा आहे. तो न करता साचा घेतलेले पुतळे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत दिसतात.

उंची आणि भार यांचा हिशेब पक्का डोक्यात ठेवा. 6 फुटांचा पुतळा 9 फूट केला की उंची दीडपट, पृष्ठभाग सव्वादोनपट, आणि भरीव मातीचे वजन जवळजवळ साडेतीनपट. 12 फूट केला तर पृष्ठभाग चौपट, मातीचे वजन आठपट. पहिल्यांदा मोठे काम करणाऱ्यांचे सांगाडे इथेच वाकतात. 9 फुटीसाठी मागच्या बाजूने जमिनीत किंवा जड लोखंडी पाटावर पक्का केलेला मुख्य खांब घ्या, त्यातून कमरेत आडवा आधार घ्या, पाय-हात सळईचे, त्यावर जाळी. छाती, पोट, मांड्या अशा जाड भागांत तारेने लाकडी फुल्या लटकवा, म्हणजे ओली माती आपल्याच वजनाने खाली सरकत नाही. कोपर, गुडघा, मनगट या सांध्यांवर सळई मातीच्या मधोमध आहे ना, हे माती लावण्याआधी ओळंब्याने तपासा. नंतर मनगटातून सळई बाहेर डोकावली तर पूर्ण हात कापावा लागतो. शाडू रोज ओल्या फडक्यांनी आणि वरून प्लास्टिकने झाकावी. सांगाड्याच्या लोखंडाला गंजरोधक रंग द्या. अडीच महिने ओल्या मातीत राहिलेले लोखंड गंजते आणि जाळीजवळची माती सुटायला लागते.

आणि पुतळा वर चढवून बघा. हे सांगूनही फार थोडे लोक करतात. 8-10 फुटी चौथऱ्यावरच्या पुतळ्याकडे माणूस खालून बघतो. खालून हनुवटी चेहऱ्याचा खालचा भाग झाकते, छाती पुढे येते, कपाळ मागे पळते, डोके लहान दिसते. म्हणून डोके किंचित मोठे घेतात, मान थोडी पुढे झुकवतात, वरची पापणी खोल कापतात. किती मोठे, याचा एकच आकडा नाही. चौथऱ्याची उंची आणि बघणारा किती अंतरावर उभा राहणार यावर ते ठरते. शेडमध्ये पुतळा वर उचलता येत नसेल तर शक्य तितक्या जवळून जमिनीवर आडवे पडून बघा, आणि डोक्याची प्लास्टर प्रत काढून ती गच्चीवर किंवा माळ्यावर ठेवून खालून बघा. दुपारी बाराच्या उन्हातही बघा. शेडमधला बाजूचा प्रकाश सगळ्यांनाच देखणा करतो. माथ्यावरच्या उन्हात भुवईची सावली डोळा गिळते. बुबुळाची खोबण पुरेशी खोल असावी आणि तिच्यात उजेड पकडणारा छोटा उंचवटा ठेवावा, तरच नजर जिवंत राहते.

मातीची मान्यता हा या संपूर्ण कामाचा कणा आहे. धातूत गेल्यावर नाक दोन मिलिमीटर बदलायचे म्हणजे कापणे, नवा तुकडा ओतणे, जोडणे, पुन्हा रंग. मातीत ते दहा मिनिटांचे काम आहे. म्हणून समितीला मातीसमोर उभे करा, चारही बाजूंचे फोटो छापा, त्यांवर तारखेसह सह्या घ्या, आणि "यानंतरचे बदल वेगळ्या दराने" हे वाक्य करारात असू द्या. समितीत पंधरा जण असतात आणि पंधरा जण पंधरा गोष्टी सांगतात. एक लेखी सूचनापत्र मागा. त्यातल्या खऱ्या सूचना मनापासून करा: कुटुंबातल्या वृद्ध व्यक्तीने "हसताना डावा गाल वर जायचा" असे सांगितले तर ते सोन्यासारखे आहे. "थोडे अजून भव्य करा" ही सूचना मात्र पवित्र्याचीच तक्रार असते. ती छाती फुगवून सुटत नाही, नमुन्याकडे परत जावे लागते.

आता साचा. एकच प्रत काढायची असेल तर प्लास्टरचा फोडायचा साचा चालतो: पहिला पातळ थर नीळ किंवा गेरू घालून रंगीत, वर काथ्या आणि लोखंडी पट्ट्या घालून जाड थर. फोडताना रंगीत थर लागला की हात आवरायचा. पण सार्वजनिक कामात आजकाल सिलिकॉन रबराचा साचा आणि त्यावर फायबरचे कवच घेणे शहाणपणाचे, कारण ओतकाम बिघडले तर मेण पुन्हा काढता येते. फोडायच्या साच्यात चूक झाली की दोन महिन्यांची माती गेली.

साच्याचे तुकडे कुठे पाडायचे हे शिल्पकाराने ठरवावे, ओताऱ्यावर सोडू नये. जोड कॉलरखाली, कमरपट्ट्यात, चुणीच्या खोलीत, बाहीच्या काठावर लपवायचे. गालावरून, कपाळावरून, हाताच्या पाठीवरून जोड कधीही जाऊ देऊ नका. वेल्डिंगची सळई त्याच मिश्रधातूची असली तरी काही वर्षांत जोडाचा रंग थोडा वेगळा पडू शकतो, आणि चेहऱ्यावर ती रेघ लपत नाही.

मेणओतकामात मेणाची जाडी 6 ते 8 मिलिमीटर, आत प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचा गाभा, गाभा हलू नये म्हणून आरपार खिळे, मग धातू जायला नळ्या आणि हवा निघायला नळ्या, बाहेरून पुन्हा प्लास्टर-सुरखीचा लेप. मोठा साचा भट्टीत कित्येक दिवस राहतो. मेण वितळून जाते ते पहिल्या दिवसांत. खरा वेळ लागतो तो आतली ओल जायला. ही ओल राहिली तर तापलेला धातू पडताच वाफ होते, धातू बाहेर उसळतो, माणसे भाजतात. "अनावरण जवळ आले, आज रात्रीच ओतू" हे वाक्य ओतशाळेत कोणी म्हटले तर शिल्पकाराने तिथे नाही म्हणायला हवे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मेणाचे मोठे पत्रे दुपारी आपोआप वाकतात. मेणात राळेचे प्रमाण वाढवणे, काम पहाटे करणे आणि तुकडे आतून टेकू देऊन उभे ठेवणे हे त्यावरचे साधे उपाय.

मिश्रधातू करारात आकड्यांत लिहा. पुतळ्यांना बहुधा 85 टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी 5 टक्के हे मिश्रण वापरतात. ओतताना तापमान 1150 अंश सेल्सिअसच्या आसपास. फक्त "ब्राँझ" किंवा "पंचधातू" लिहिलेली निविदा म्हणजे भंगाराला उघडे दार. नळाच्या तोट्या, रेडिएटरचे तुकडे वितळवले की जस्त वाढते, रंग पिवळट येतो, आणि वितळताना पांढरा दाट धूर निघतो, जो कामगारांच्या छातीला घातक असतो. प्रत्येक मुशीतून एक चाचणीचा तुकडा ओतून घ्या आणि प्रयोगशाळेतून स्पेक्ट्रो चाचणीचा (धातूतल्या घटकांचे प्रमाण सांगणारी) दाखला घ्या. तो दाखला बिलासोबत जोडला तर पुढे कोणी बोट दाखवू शकत नाही.

वजनाचा अंदाज असा करा. 8 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर ब्राँझ साधारण 70 किलो भरतो. 9 फुटी कपडे घातलेल्या उभ्या पुतळ्याचा पृष्ठभाग साडेसहा-सात चौरस मीटर. म्हणजे कागदावर 455 ते 490 किलो. चुण्यांत जाडी वाढते, जोडाच्या कडा आतून जाड ठेवाव्या लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात 600 किलोच्या घरात जाते. शिवाय नळ्यांमध्ये जाणारा धातू वेगळा. तो परत वितळतो पण ओतण्याच्या दिवशी हाताशी लागतोच, एकूण धातूच्या तिसऱ्या हिश्शाइतका तरी जास्त धरा. धातूचा भाव रोज बदलतो. दर देताना भाव कोणत्या तारखेचा ते लिहा, नाहीतर मान्यतेला सहा महिने लागले की नफा तांब्यात जातो.

ओतकामातले दोष ओळखायला शिका. बोटे, तलवारीची धार, फेट्याचा तुरा इथे धातू पोहोचण्याआधी गोठतो; तिथे वेगळी नळी हवी. दोन बाजूंनी आलेला धातू भेटून एकजीव होत नाही तेव्हा केसासारखी रेघ दिसते, ती वरून घासून घालवू नका, ती आरपार असते. जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे पोकळी होते. सुईच्या टोकाएवढी छिद्रे दाट असतील तर वितळलेल्या धातूत वायू राहिला आहे. अशी जागा मेणाने किंवा पुटीने बुजवून वर रंग लावलेले पुतळे दोन पावसाळ्यांत पांढरे-हिरवे ओघळ दाखवायला लागतात.

कोरणीनंतर रंग. तापवलेल्या धातूवर पोटॅशियम सल्फाइडने काळसर-तपकिरी, फेरिक नायट्रेटने तांबूस छटा येते. वर मेणाचा हात. हे रंग धातूतच बसतात. तैलरंग किंवा सोनेरी स्प्रे हा रंग नव्हे, तो पुतळ्याचे सगळे बारकावे बुजवतो.

आता जे दिसत नाही ते. ब्राँझचे कवच स्वतः उभे राहते असे वाटते, पण वारा त्याला पाडू शकतो. मुंबईसाठी भारतीय मानकातला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर आहे, पुण्यासाठी 39. 44 मीटरला दर चौरस मीटरवर सुमारे 118 किलोचा दाब येतो. 9 फुटी पुतळ्याचा समोरचा भाग अडीच चौरस मीटर धरला तर 300 किलोचा ढकलणारा जोर, तोही पायांपासून साडेचार फूट वर. 600 किलोचा पुतळा नुसता ठेवला तर पायांच्या टिचभर टेकूवर तो हा जोर पेलू शकत नाही. म्हणून आतला पोलादी सांगाडा पायांतून खाली उतरून चौथऱ्याच्या काँक्रीटमधल्या बोल्टांना बसला पाहिजे. बोल्टांची जागा पत्र्याच्या साचपट्टीने आधी पक्की करा. पुतळा आल्यावर भोके जुळत नाहीत म्हणून पायातच गॅसने भोके पाडण्याची वेळ अनेकदा येते, ती याच निष्काळजीपणामुळे. दोन पाय उचललेल्या घोड्याचा पुतळा असेल तर सगळा भार मागच्या दोन पायांतून जातो; त्याचे आरेखन अनुभवी संरचना अभियंत्याकडूनच घ्या आणि त्याची सही असलेला आराखडा फायलीत ठेवा.

आतला सांगाडा साध्या लोखंडाचा नको. ब्राँझला टेकलेले लोखंड ओलाव्यात झपाट्याने गंजते, कारण दोन धातूंच्या जोडीत लोखंड झिजण्याची बाजू घेते, आणि गंज फुगून कवचाला आतून तडे देतो. स्टेनलेस स्टील वापरा. कोकणात, मुंबईत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात 316 दर्जाचे. स्टील आणि ब्राँझ यांच्यामध्ये रबर किंवा टेफ्लॉनचा थर घाला. सर्वांत खालच्या जागी, घोडा असेल तर पोटाच्या तळाशीही, पाणी निघायला छिद्र ठेवा. मालवणजवळच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 रोजी अनावृत झाला आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. पडण्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्राने कळवले होते. समुद्रकाठच्या प्रत्येक कामात हे डोळ्यांसमोर ठेवा. बोल्ट दिसतील आणि तपासता येतील अशी लहान झडप चौथऱ्यात ठेवणे फारसे खर्चिक नाही.

वाहतुकीत उचलण्याच्या कड्या आतल्या सांगाड्याला जोडलेल्या असाव्यात. पट्टा हातात किंवा तलवारीत अडकवून पुतळा उचलू देऊ नका. क्रेनची क्षमता तिचा हात किती लांब गेला यावर ठरते. चौथऱ्याभोवती आधीच रेलिंग बांधले असेल तर क्रेन लांब उभी राहते आणि लहान क्रेन कामाची राहत नाही. आणि ऑर्डर घेण्याआधी स्वतःच्या शेडचे दार मोजा.

हार घालण्याची सोय आराखड्यातच करा. आपल्याकडे पुतळ्याला हार घातला जाणारच, तर मागच्या बाजूने पायऱ्या आणि छोटा कठडा द्या. नाहीतर लोक शिडी थेट हाताला टेकवतात, तारेचे हार रंग खरवडतात. वर्षातून एक-दोनदा सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मेणाचा हात द्यावा, चिंच-लिंबू आणि पितळ चकाकवणारी पावडर लावू नये, दुधादह्याचा अभिषेक झाला तर त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावे. हे सगळे एका पानावर मराठीत लिहून नगरपरिषदेला पोच घेऊन द्या. आठ-दहा महिने ज्या चेहऱ्यावर हात फिरवला, तो जयंतीच्या आदल्या रात्री कोणीतरी सोनेरी रंगात बुडवावा, याहून वाईट काही नाही.

पैशांकडे येऊ. हप्ते टप्प्यांना बांधा, तारखांना नव्हे. काम सुरू होताना 30 टक्के, मातीच्या मान्यतेला 25, ओतकाम दाखवल्यावर 30, बसवल्यावर 15 अशी मांडणी वाजवी आहे, कारण धातूचा खर्च मातीच्या मान्यतेनंतर लगेच येतो आणि तो स्वतःच्या खिशातून करायची वेळ येऊ नये. ई-निविदेत बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव आणि दोषदायित्वाचा कालावधी (ज्या मुदतीत निघालेला दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावा लागतो) असतो; ठेव अडकून राहणार हे धरून दर द्या. कर दरात धरले आहेत की वेगळे, हे कर सल्लागाराला विचारून मगच आकडा टाका. चौथऱ्याचे स्थापत्यकाम दुसऱ्याकडे असेल तर बोल्टपर्यंत कोणाची जबाबदारी आणि बोल्टच्या वर कोणाची, ही रेघ कागदावर ओढा.

कलाकृतीवरचा नैतिक हक्क विकल्यानंतरही शिल्पकाराकडे राहतो. अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातले ब्राँझ भित्तिशिल्प काढून खराब अवस्थेत टाकले गेले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्याचे अवशेष त्यांना परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. म्हणून पाटावर नाव आणि वर्ष कोरा, आणि साच्यातून दुसरी प्रत काढण्याचा हक्क कोणाकडे हे करारात लिहा. नाव कोरण्यात संकोच कसला!

व्यवसाय म्हणून हे चालते का? चालते, पण संथ चालते. महाराष्ट्राला या कामाची मोठी परंपरा आहे. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असतानाच गणपतराव म्हात्र्यांनी 1896 मध्ये 'मंदिरपथगामिनी' केली. विनायकराव करमरकरांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात 1928 मध्ये उभा राहिला. त्यांचे सासवण्याचे घर-संग्रहालय अलिबागला गेलात की चुकवू नका, तिथे पोत आणि नजर यांचा अभ्यास जवळून करता येतो. गेटवे ऑफ इंडियासमोरचा सदाशिव साठ्यांचा अश्वारूढ पुतळा 1961 चा. तो चहूबाजूंनी फिरून बघा, दर पंधरा पावलांवर आकृती कशी बदलते ते रेखाटा.

राम सुतारांची वाटचाल या व्यवसायाचा वेग दाखवते. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा 1925 चा जन्म, जे.जे.त मेयो पदक, मग 1954 पासून चार वर्षे पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांची दुरुस्ती, नंतर दिल्ली. गांधीसागर धरणावरची 45 फुटी चंबळदेवी त्यांनी काँक्रीटमध्ये जागेवरच छिन्नीने घडवली. संसदेच्या आवारातला ध्यानस्थ गांधी 1993 मध्ये बसला. 182 मीटरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचे अनावरण 31 ऑक्टोबर 2018 ला झाले, तेव्हा ते 93 वर्षांचे होते. त्या पुतळ्याचे ब्राँझचे पत्रे चीनमधल्या ओतशाळेत ओतले गेले, आतला भार काँक्रीट आणि पोलादाने घेतला. शिल्पकाराचे काम चेहरा, पवित्रा आणि वस्त्र नमुन्यात पक्के करण्याचे होते. दुरुस्तीची ती चार वर्षे यात मला सर्वांत मोलाची वाटतात. तुटलेला हात मूळ शिल्पकाराच्या मनाने पुरा करायचा, ही शिस्त दुसऱ्या कोणत्या कामात मिळत नाही.

म्हणून पहिली पाच-सहा वर्षे एखाद्या मोठ्या स्टुडिओत मदतनीस म्हणून आणि त्यातले काही महिने ओतशाळेत काढा. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावात भट्टीपाशी उभे राहून जे कळते ते वर्गात कळत नाही. अर्धपुतळे घेत राहा. शाळा, साखर कारखाने, ग्रामपंचायती यांची ती कामे नियमित येतात, चार-सहा महिन्यांत पुरी होतात आणि मोठ्या कामाच्या लांबलेल्या हप्त्यांच्या काळात घर त्यांच्यावर चालते. स्वतःची शेड उभारताना उंची सर्वांत मोठ्या अपेक्षित पुतळ्याच्या दीड ते दोन पट ठेवा, वर तुळई आणि चेन-ब्लॉक, खाली फिरता पाट, उत्तरेकडून उजेड.

समोरच्या या विचारणेला उत्तर देताना नकारासोबत दुसरा प्रस्ताव द्या. जयंतीच्या दिवशी चौथऱ्याचे भूमिपूजन होऊ द्या आणि त्याच मंडपात दोन फुटी नमुना गावासमोर ठेवा. लोकांच्या सूचना त्याच दिवशी लेखी घ्या, परवानगीचा प्रस्ताव तोवर जिल्ह्याला जाऊ द्या, आणि अनावरणाची तारीख पुढच्या वर्षीच्या जयंतीची मागा. पत्रासोबत आठ-दहा महिन्यांचे टप्प्यांचे वेळापत्रक, मिश्रधातूचे प्रमाण, उंचीची व्याख्या आणि हप्त्यांची मांडणी जोडा. नगरपरिषदेचा अभियंता ते वाचेल आणि बहुतेक वेळा तोच तुमच्या बाजूने बोलेल, कारण पुतळा उभा राहिल्यावर त्याची जबाबदारी त्याच्याकडेच येणार असते.